लग्नाची तारीख आणि व्हिसाचे अक्षर : महाराष्ट्र राज्य महिला आयोगास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र राज्य महिला आयोग,
गृहनिर्माण भवन, वांद्रे (पूर्व), मुंबई

विषय : अमेरिकेत राहणाऱ्या व्यक्तीशी लग्न करून तिकडे जाणाऱ्या जोडीदाराचा कायदेशीर दर्जा, आणि तो लग्नाआधी मराठीत समजावून सांगण्याची गरज.

परदेशात राहणाऱ्या माणसाने लग्न केले की जोडीदाराला सोबत नेण्याचा आणि तिथे मोकळेपणाने वावरू देण्याचा हक्क आपोआप मिळतो, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेपुरते बोलायचे तर तो चुकीचा आहे. तिथला कायदा नवरा-बायकोचे नाते मानतो, पण आधी एक प्रश्न विचारतो : नेणारा स्वतः तिथे कोणत्या दर्जाने राहतो? तो नागरिक आहे, ग्रीन कार्डधारक आहे, एच-१बी वर नोकरी करतो, कंपनीने एल-१ वर पाठवलेला आहे की एफ-१ वर शिकतो आहे? या उत्तरावर मागाहून येणाऱ्या जोडीदाराचे जवळजवळ सगळे आयुष्य बेतलेले असते. किती दिवसांत जाता येईल, गेल्यावर कमावता येईल का, नवऱ्याची नोकरी गेली तर काय, घटस्फोट झाला तर किती दिवस थांबता येईल, हे सारे त्यातच ठरते. महाराष्ट्रात ‘अमेरिकेतले स्थळ’ बघताना शिक्षण, पगार, पत्रिका, घरची माणसे यांची बारकाईने चौकशी होते. मुलाचा व्हिसा कोणता, हा प्रश्न निघालाच तर ‘एच-वन आहे’ एवढ्या उत्तरावर बोलणी पुढे सरकतात. त्या उत्तरात मुलीच्या वाट्याला काय येणार आहे, हे बैठकीतल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

नेणारा अमेरिकेचा नागरिक असेल तर वाट सरळ आहे. नागरिकाचा जोडीदार हा निकटचा नातलग मानला जातो आणि या वर्गाला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. नागरिकाने आय-१३० अर्ज भरायचा, तो मंजूर झाला की कागदपत्रे नॅशनल व्हिसा सेंटरकडे जातात आणि मुलाखत मुंबईत होते. २०११ पर्यंत ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसमध्ये असलेला वाणिज्य दूतावास आता वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे आयोगाच्या कार्यालयाजवळच आहे. या व्हिसावर अमेरिकेत पाऊल टाकणारी व्यक्ती त्याच दिवशी कायम रहिवासी होते आणि दुसऱ्या दिवशी नोकरीला लागू शकते.

फक्त प्रवेशाच्या दिवशी लग्नाला दोन वर्षे पूर्ण झालेली नसतील तर ग्रीन कार्ड दोन वर्षांपुरते, सशर्त मिळते. बनावट लग्ने रोखण्यासाठी १९८६ मध्ये केलेल्या कायद्याने ही अट आली. मुदत संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ अर्ज करायचा असतो. ‘मी सही करणार नाही, मग तुला परत जावे लागेल,’ ही धमकी इथूनच जन्माला येते. ती खोटी आहे. लग्न खरे होते आणि पुढे घटस्फोट झाला किंवा छळ झाला, हे दाखवता आले तर एकट्या जोडीदारालाही अर्ज करता येतो. आणखी एक गोष्ट या वर्गातल्या बायकांना सहसा कोणी सांगत नाही. व्हिसासाठी नवऱ्याने आय-८६४ हे उत्पन्नाचे हमीपत्र सही केलेले असते. सरकारी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांइतका आधार देण्याची ती कायदेशीर जबाबदारी असते आणि घटस्फोटाने ती संपत नाही. पत्नी नागरिक झाली, तिच्या नावावर चाळीस तिमाहींचे काम जमा झाले, ती देश कायमचा सोडून गेली किंवा दोघांपैकी कोणी मरण पावले, तरच ती संपते.

ग्रीन कार्डधारकाचा नियम मात्र साध्या तर्काला उलटा वाटतो. तात्पुरत्या एच-१बी वर असलेला माणूस बायकोला काही आठवड्यांत किंवा महिन्यांत नेऊ शकतो. पण तोच माणूस ग्रीन कार्ड मिळवून कायम रहिवासी झाला आणि त्यानंतर त्याने लग्न केले, तर त्याला एफ-२ए नावाच्या रांगेत उभे राहावे लागते, कारण या वर्गाला दरवर्षी ठरावीक व्हिसेच मिळतात. जुलै २०१९ ते मार्च २०२३ या काळात ही रांग जवळजवळ नव्हतीच; एप्रिल २०२३ पासून ती पुन्हा लागली आणि तेव्हापासून ती वर्षांत मोजली जाते. या काळात नवी नवरी भारतातच राहते. पर्यटक व्हिसा मागायला गेली तर ‘परत येणार’ हे तिला सिद्ध करावे लागते, आणि नवऱ्याने भरलेला आय-१३० नेमके उलटे सांगत असतो. अशा ताटातुटीवर उपाय म्हणून डिसेंबर २००० मध्ये अमेरिकी संसदेने ‘व्ही’ नावाचा व्हिसा काढला होता. तो २१ डिसेंबर २००० पर्यंत दाखल झालेल्या अर्जांपुरताच होता. ते अर्ज केव्हाच निकालात निघाले आणि ते दार पुन्हा उघडले गेले नाही.

इथे लग्नाच्या तारखेला असे महत्त्व येते की ते कोणत्याही बैठकीत पहिल्यांदा सांगितले जायला हवे. नोकरीच्या आधारे ग्रीन कार्ड मिळणाऱ्याचे लग्न ते मंजूर होण्याच्या आधी झालेले असेल, मग ते एक दिवस आधी का असेना, तर पत्नी त्याच अर्जाची सहभागी ठरते. ती त्याच्याबरोबर अर्ज करू शकते किंवा नंतर मागाहून त्याच आधारावर येऊ शकते. एफ-२ए च्या रांगेशी तिचा संबंध येत नाही. लग्न मंजुरीनंतर झाले तर हा हक्क उरत नाही. डिसेंबरात साखरपुडा, मे महिन्यात लग्न आणि मधल्या मार्चमध्ये मुलाचे ग्रीन कार्ड मंजूर, असे झाले तर पेढे वाटण्याजोगी बातमीच त्या दोघांच्या दीर्घ विरहाचे कारण होते. मुलाची ‘प्रायॉरिटी डेट’, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेतली तारीख, जवळ आलेली असेल तर सोहळा मे महिन्यात ठेवूनही कायदेशीर लग्न आधी करता येते. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली त्यासाठी तीस दिवसांची नोटीस लागते, हे धरून चालावे लागते. तारीख चुकलीच, तर नवऱ्याने नागरिकत्व घेईपर्यंत थांबणे हा दुसरा मार्ग उरतो. सर्वसाधारणपणे ग्रीन कार्डानंतर पाच वर्षांनी ते मागता येते, आणि मिळाल्यावर रांगेतला जुना अर्ज आपोआप नागरिकाच्या जोडीदाराच्या, मर्यादा नसलेल्या वर्गात जातो.

एल-१ वर कंपनीच्या अंतर्गत बदलीने गेलेल्यांच्या जोडीदाराला एल-२ मिळतो आणि २००२ पासून त्याला नोकरी करता येते. एफ-१ विद्यार्थ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एफ-२ वर नोकरी नाही, पूर्ण वेळ पदवीचे शिक्षणही नाही. २०१५ पासून अर्धवेळ शिकण्याची मुभा आहे. शिकणाऱ्या मुलाशी लग्न करून मागोमाग जाणाऱ्या मुलीने आपली नोकरी सोडण्याआधी हे एवढे वाक्य दोनदा वाचावे.

उरतो एच-४, म्हणजे एच-१बी वरच्या नोकरदाराच्या जोडीदाराचा दर्जा. मराठी घरांतून अमेरिकेत जाणाऱ्या नवविवाहितांची मोठी संख्या याच दर्जावर जाते, म्हणून त्याच्यापाशी थांबणे भाग आहे.

जोडीदाराला मागून नेण्याचा इतिहास या व्हिसापेक्षा पुष्कळ जुना आहे. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी एकट्या अमेरिकेला गेल्या. त्यांचे पती गोपाळराव मागाहून पोहोचले आणि मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियातल्या आनंदीबाईंच्या पदवीदानाला हजर राहिले. दोघांपैकी कोणालाही व्हिसा लागला नव्हता. १९१७ च्या कायद्याने आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना बंदी घातली, तेव्हा कॅलिफोर्नियात शेती करणाऱ्या पंजाबी पुरुषांना गावाकडच्या बायका आणता येईनात. त्यांच्यातल्या अनेकांनी मेक्सिकन स्त्रियांशी संसार थाटले. १९४६ मध्ये भारतीयांसाठी वर्षाला १०० जणांचा कोटा आला, आणि १९६५ च्या कायद्याने कुटुंबाच्या एकत्र येण्याला प्राधान्य दिले. १९९० च्या कायद्यातून एच-१बी जन्मला. त्याचा मूळ कोटा वर्षाला ६५,००० चा. मधल्या काळात १,९५,००० पर्यंत वाढून तो पुन्हा तेवढाच झाला, आणि अमेरिकेत पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० जागा आल्या. या नोकरदारांच्या जोडीदारांना आणि एकवीस वर्षांखालील अविवाहित मुलांना मिळतो तो एच-४. कागदावर त्याचे वर्णन ‘डिपेंडंट’, म्हणजे आश्रित. मराठी बायका हा शब्द स्वतःविषयी सहज वापरतात : ‘मी डिपेंडंटवर आहे.’ सोलापुरात दोन वर्षे दवाखाना चालवलेली दंतवैद्य किंवा हिंजवडीत एक चमू सांभाळणारी अभियंता हे वाक्य पहिल्यांदा बोलते, तेव्हा त्यातला प्रत्येक शब्द कायद्याने खरा असतो.

एच-४ वर राहता येते, शिकता येते, राज्याच्या नियमांनुसार गाडीचा परवाना काढता येतो, बँकेत खाते उघडता येते. पैसे मिळवता येत नाहीत. शेजारच्या मुलांची शिकवणी घेऊन मोबदला घेणे किंवा डबे करून विकणे हेही बेकायदा काम ठरते. तिथे बसून भारतातल्या कंपनीचे काम लॅपटॉपवर करणेही वकील धोक्याचे मानतात. कामाची परवानगी नसल्याने सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही. नवऱ्याबरोबर एकत्रित कर भरण्यासाठी तिला वेगळा करदाता क्रमांक काढावा लागतो. घरभाडे, फोन, कर्ज, विमा या सगळ्याची मुळे त्या देशात त्या एका नंबरात असतात, म्हणून तो नसलेल्या बाईच्या नावाने आर्थिक इतिहास उभाच राहत नाही. पहिल्या वर्षी हे जाणवत नाही, कारण नवा संसार लावण्यात दिवस जातात. नवऱ्याशी बिनसले किंवा त्याचे काही बरेवाईट झाले, की एकदम जाणवते.

१९९० पासून पाव शतक एच-४ वर नोकरीची मनाई सरसकट होती. २५ फेब्रुवारी २०१५ रोजी नवा नियम प्रसिद्ध झाला आणि २६ मेपासून अमलात आला. त्यानुसार एच-४ वरच्या काही जणांना ‘ईएडी’, म्हणजे कामाचा परवाना मिळू लागला. ज्यांना तो मिळाला त्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक भारतात जन्मलेले होते आणि नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. नियमाविरुद्ध २०१५ मध्येच खटला भरला गेला, पुढच्या प्रशासनाने नियम मागे घेण्याचे जाहीर केले, जानेवारी २०२१ मध्ये तो प्रस्ताव रद्द झाला, ऑगस्ट २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने नियम उचलून धरला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला. दहा वर्षे त्या बायकांनी नोकऱ्या केल्या, घरे घेतली, मुले वाढवली, आणि त्यातल्या प्रत्येक वर्षी हा परवाना पुढच्या वर्षी राहील का याची त्यांना खात्री नव्हती.

हा परवाना सर्वांना नाही, ही त्यातली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी ठाऊक असलेली बाब. नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा आय-१४० हा टप्पा मंजूर झालेला असावा लागतो, किंवा ग्रीन कार्डाची प्रक्रिया चालू असल्याच्या आधारावर त्याचा एच-१बी सहा वर्षांच्या नेहमीच्या मर्यादेपुढे वाढलेला असावा लागतो. तिथवर पोहोचण्यासाठी कंपनीने आधी कामगार खात्याचा दाखला मिळवावा लागतो, मग आय-१४० भरावा लागतो. यात वर्षे जातात, आणि कंपनीने ते सुरूच केले नाही तर काहीच होत नाही. म्हणजे दोन वर्षांपूर्वी अमेरिकेत गेलेला आणि पाच वर्षांपूर्वी गेलेला, असे दोन तोलामोलाचे मुलगे असतील तर मुलीच्या करिअरच्या दृष्टीने ती दोन अगदी वेगळी स्थळे आहेत. बैठकीत विचारायचा प्रश्न एकच आहे : ‘आय-१४० मंजूर झाला आहे का?’ हा प्रश्न पगाराच्या प्रश्नाइतकाच रास्त आहे आणि तो विचारण्यात कसलाही कमीपणा नाही. ‘तिकडे जाऊन ती स्वतःचा एच-वन करेल,’ हे आश्वासनही बैठकीत ऐकू येते. त्यासाठी तिला नोकरी देऊ करणारी कंपनी लागते, अर्ज वर्षातून एकदा सोडतीत जातो आणि निवड नशिबावर असते.

ग्रीन कार्ड आले की हे संपते, पण भारतीयांसाठी ते येण्याची वाट फार लांब आहे. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डे वर्षाला सुमारे १,४०,०००. त्यांतच जोडीदार आणि मुलेही मोजली जातात, आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारण सात टक्क्यांची मर्यादा आहे. ऑक्टोबर २०२५ च्या व्हिसा बुलेटिनमध्ये ईबी-२ या उच्चशिक्षितांच्या वर्गात भारतीयांसाठी तारीख होती १ एप्रिल २०१३. त्या तारखेनंतर ज्यांचा अर्ज लागला ते सगळे अजून थांबले होते. इतकी वर्षे बायको एच-४ वर राहते आणि तिचा परवाना पुन्हा पुन्हा नवा करावा लागतो. ३० ऑक्टोबर २०२५ पासून त्यात आणखी एक कठीण गोष्ट आली. त्याआधी नूतनीकरणाचा अर्ज वेळेत भरला असेल तर जुना परवाना आपोआप काही काळ चालू राहत असे. त्या दिवसापासून भरलेल्या अर्जांना ही सवलत नाही. जुन्याची मुदत संपली की नवा परवाना हातात येईपर्यंत चालू नोकरी थांबवावी लागते. याउलट ब्रिटनमध्ये कुशल नोकरदाराच्या जोडीदाराला काम करता येते. जर्मनीत ब्लू कार्ड या कुशल नोकरदारांच्या परवान्यावर असलेल्याच्या पत्नीला कामाचा हक्क तर मिळतोच, भाषेची परीक्षाही माफ असते. जोडीदाराला माणूस म्हणून वागवणे कोणत्याही देशाला अशक्य नाही, एवढे या दोन उदाहरणांवरून दिसते.

एक तांत्रिक चूक मात्र नवरा-बायको दोघांकडूनही वारंवार होते. नवऱ्याचा एच-१बी अमेरिकेत असतानाच वाढवायचा असेल तर त्याचा अर्ज कंपनी भरते. बायकोचा आय-५३९ अर्ज वेगळा असतो आणि तो भरण्याची जबाबदारी कंपनीवर नसते. नवऱ्याची मुदत वाढली म्हणजे तिचीही वाढली, असे गृहीत धरले जाते आणि ती नकळत बेकायदा ठरते. पासपोर्टची मुदत आधी संपत असेल तर विमानतळावर आय-९४ या प्रवेशनोंदीवरची तारीखही तेवढीच अलीकडची पडू शकते. पासपोर्टातल्या व्हिसावरची तारीख आणि आय-९४ वरची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिथे किती दिवस राहायचे ते दुसरी ठरवते.

हे सगळे सुरू होते ते महाराष्ट्रात, विवाह नोंदणीच्या खिडकीपाशी. महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम, १९९८ प्रमाणे नोंदणी झाल्यावर जे प्रमाणपत्र मिळते तेच अमेरिकी दूतावासात नात्याचा मुख्य पुरावा असते. लग्नपत्रिका आणि फोटो त्याच्या जोडीला. सुट्टीवर आलेला मुलगा तीन आठवड्यांत परत जाणार असतो, म्हणून नोंदणी त्याच आठवड्यात व्हावी लागते. नोंदणीला साक्षीदार आणि विधी करणारे गुरुजी यांच्या सह्या लागतात, तेव्हा मांडव उतरण्याआधीच हे ठरवलेले बरे. ग्रामपंचायतीचे प्रमाणपत्र फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागते. 

खरी अडचण नावाची असते आणि ती खास आपली आहे. मराठी घरात मुलीच्या नावापुढे वडिलांचे नाव असते. लग्नानंतर तिथे नवऱ्याचे येते, आडनाव बदलते आणि काही घरांत ताटातल्या तांदळात अंगठीने नवे पहिले नावही लिहिले जाते. ते नाव हौसेचे असेल तर घरात राहावे. पासपोर्ट मात्र माहेरच्या नावाचा, विवाह प्रमाणपत्र सासरच्या नावाचे, पदवी आणखी तिसऱ्याच स्पेलिंगची, असे झाले की प्रत्येक टप्प्यावर प्रतिज्ञापत्रे आणि खुलासे लागतात. पासपोर्टात पहिले आणि मधले नाव एकाच रकान्यात छापलेले असते, त्यामुळे अमेरिकेत वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव तिच्याच नावाचा भाग होऊन बसते. लग्नानंतर पासपोर्टावरचे नाव बदलण्याची भारतात सक्ती नाही, आणि व्हिसाच्या दृष्टीने जुन्याच नावाने जाणे पुष्कळ सोपे असते. हे सासरच्यांना समजावून सांगणारे कोणी तरी हवे, कारण नव्या सुनेने हे बोलले की तो मानापमानाचा विषय होतो.

आता सर्वांत अवघड भाग. एच-४ नवऱ्याच्या दर्जाला जोडलेला असतो. त्याची नोकरी गेली तर २०१७ च्या नियमानुसार दोघांना जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. घटस्फोटाचा हुकूम झाला की पत्नीचा एच-४ दर्जा संपतो. नवरा वारला तरी संपतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्ससमधल्या ओलेथ गावी श्रीनिवास कुचिभोटला या भारतीय अभियंत्याची वंशद्वेषातून हत्या झाली, तेव्हा त्याच्या पत्नीला नवरा गमावण्याबरोबरच त्या देशात राहण्याचा आधारही गमवावा लागला. अंत्यसंस्कारासाठी भारतात आलेल्या तिला परतता आले ते अमेरिकी संसदेतल्या एका सदस्याने लक्ष घातल्यामुळे. प्रत्येकीसाठी संसद सदस्य धावून येत नाही.

घरात मारहाण होत असेल तर हाच दुवा गळफास होतो. १९९४ च्या स्त्रियांवरील हिंसाविरोधी कायद्याने नागरिकाच्या आणि ग्रीन कार्डधारकाच्या छळग्रस्त पत्नीला स्वतःहून ग्रीन कार्ड मागण्याचा हक्क दिला. एच-१बी वाल्याच्या पत्नीला तो नाही. तिच्यासाठी २००५ च्या दुरुस्तीने कामाच्या परवान्याची तरतूद झाली, प्रत्यक्षात अर्ज घ्यायला त्यानंतर बरीच वर्षे लागली, आणि आजही त्या आय-७६५व्ही अर्जाचे नाव ठाऊक असलेल्या मोजक्याच आहेत. गुन्ह्याच्या तपासात पोलिसांना मदत करणाऱ्या पीडितांना ‘यू’ व्हिसा मिळू शकतो, पण त्याचा वार्षिक कोटा १०,००० चा आहे आणि रांग फार लांब आहे. दक्षिण आशियाई स्त्रियांना मदत करणाऱ्या संस्था मात्र तिथे चांगल्या रुजल्या आहेत : न्यू जर्सीत १९८५ पासून मानवी, न्यूयॉर्कमध्ये १९८९ पासून सखी, सॅन फ्रान्सिस्को परिसरात मैत्री, ह्यूस्टनमध्ये दया, शिकागोत अपना घर. त्यांना फोन करायला व्हिसा विचारला जात नाही.

भारतातल्या बाजूनेही आधार आहेत, विखुरलेले. परदेशातल्या भारतीय वकिलाती भारतीय समुदाय कल्याण निधीतून सोडून दिलेल्या पत्नींना कायदेशीर मदतीसाठी पैसे देऊ शकतात. राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांच्या विवाहांसाठी स्वतंत्र कक्ष आहे. नवऱ्याने अमेरिकेत एकतर्फी घटस्फोट मिळवला, तर तो भारतात आपोआप मान्य होत नाही. नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी या १९९१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पत्नीने त्या न्यायालयाचा अधिकार स्वेच्छेने मान्य केलेला नसेल किंवा घटस्फोटाचे कारण आपल्या विवाह कायद्यात बसत नसेल, तर असा हुकूम इथे चालणार नाही. अनिवासी भारतीयांच्या विवाहांची सक्तीची नोंदणी करणारे विधेयक फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्यसभेत मांडले गेले, ते कायदा झाले नाही. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या २८७ व्या अहवालात या विषयावर सर्वंकष कायद्याची शिफारस केली आहे.

अमेरिकेचा कायदा बदलणे महाराष्ट्र राज्य महिला आयोगाच्या हातात नाही. लग्नाआधी सांगणे आहे. त्यासाठी नवा कायदाही लागत नाही, कारण १९९८ चा अधिनियम विवाह नोंदणीइतकाच विवाह मंडळांचाही आहे. मंडळे त्याच कायद्याखाली नोंदली जातात. परदेशातल्या स्थळाच्या माहितीत व्हिसाचा दर्जा, आय-१४० ची स्थिती आणि आधीच्या लग्नाची माहिती लिहूनच घ्यावी, असे मंडळांना सांगावे, ही शिफारस आयोग शासनाकडे करू शकतो. मुलगा सांगत नसेल तर तो रकाना रिकामा दिसेल, आणि रिकामा रकानाही मुलीच्या आईला पुष्कळ सांगतो. नवऱ्याला एच-४ वर नेणाऱ्या मुलीही आता आहेत. माहिती त्यांच्या नवऱ्यांनाही तेवढीच लागते, म्हणून भाषा दोघांसाठी असावी.

दुसरी गरज आहे ती मराठीतल्या छोट्या पुस्तिकेची, वकिली इंग्रजीच्या भाषांतराची नव्हे. नागरिक, ग्रीन कार्ड, एच-१बी, एल-१ आणि एफ-१ या पाच दर्जांत जोडीदाराला काय मिळते. लग्नाची तारीख कशी बघावी. नाव बदलावे की नाही. आय-९४ कुठे बघायचा. धमकी दिली तर कोणता अर्ज आहे, एवढे त्यात असले तरी पुरे. ती महापालिकेच्या नोंदणी कार्यालयात, ग्रामसेवकाकडे, विशेष विवाह कायद्याच्या निबंधकाकडे आणि विवाह मंडळांत ठेवता येईल. १९८१ पासून काम करणारे उत्तर अमेरिकेतले बृहन्महाराष्ट्र मंडळ आणि त्याच्याशी जोडलेली गावोगावची मंडळे यांच्या मदतीने ती दरवर्षी सुधारता येईल, कारण यातले नियम बदलत राहतात आणि जुनी माहिती नसलेल्या माहितीपेक्षा जास्त घात करते. एच-४ परवान्याच्या नूतनीकरणात होणाऱ्या खंडाचा विषय परराष्ट्र मंत्रालयाने अमेरिकेशी बोलताना मांडावा, असे पत्र आयोगाने दिल्लीला पाठवावे. परवाने घेणाऱ्यांत भारतीय स्त्रिया इतक्या बहुसंख्येने असताना हा विषय भारताचा नाही असे म्हणता येत नाही.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर तिथल्या मदत संस्थांचे आणि भारतीय वकिलातींचे दूरध्वनी क्रमांक असावेत, आणि त्याखाली एक सूचना : विमानात बसण्याआधी पासपोर्ट, व्हिसा, विवाह प्रमाणपत्र, नवऱ्याच्या एच-१बी चे मंजुरीपत्र आणि पदव्या यांच्या प्रती आईवडिलांकडे ठेवाव्यात, पोहोचल्यावर आय-९४ उतरवून त्याचीही प्रत पाठवावी, आणि मूळ पासपोर्ट तिथल्या घरात स्वतःच्याच ताब्यात ठेवावा.